वळणावरचे दोन गडगे

आमच्या आळीत गाडी येत नसे. बाजारपेठेच्या रस्त्यापासून जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची एक वाट निघते आणि दोन्ही बाजूंच्या घरांमधून चढत चढत वर सड्याच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या पठाराच्या, कडेला जाऊन मिळते; त्या कडेलाही गाडीरस्ता नाही. असल्या वाटेला आमच्याकडे पाखाडी म्हणतात. आमचं घर तिच्या जवळजवळ माथ्यावर. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला त्या सकाळी शेजारच्या चौघांनी त्यांना लाकडी खुर्चीत बसवलं, आईच्या जुन्या लुगड्याने छातीशी बांधलं आणि खाली उतरवलं. चौघेही एकाच वेळी हुकूम सोडत होते आणि कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. तरी खुर्ची कुठे टेकली नाही की कलंडली नाही. पायऱ्यांवर माणसाचा पाय किती घट्ट बसतो हे मी त्या दिवशी प्रथम नीट पाहिलं.

इस्पितळातून बाबा तसेच खुर्चीतून वर आले. उजवी बाजू गेली ती गेलीच. जीभ पहिले काही आठवडे जड होती, मग पूर्वीपेक्षा सैल सुटली. बाजारपेठेत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. अर्ध्या रत्नागिरीच्या लग्नातले कोट त्या दुकानातून गेलेले, आणि सगळं गाव त्यांना मास्तर म्हणत असे. आजारपणाच्या सुरुवातीलाच त्यांचा कारागीर दुबईला निघून गेला आणि दुकानाच्या फळ्या लागल्या. बाबा पडवीतल्या खाटेवर पडून डाव्या हाताने जुन्या वर्तमानपत्रांवर कात्री चालवायला शिकत होते. कागद फाटायचा, ते शिवी द्यायचे, दुसरा कागद घ्यायचे.

"माप घ्यायला जीभ पुरते," ते मला म्हणायचे. "शिवायला माणूस ठेवीन. मला फक्त रोज दोन तास दुकानात नेऊन बसव."

हे 'फक्त' त्यांनी किती सहज म्हटलं! दुकानाचा मालक भला माणूस होता. त्याने एकदा वर येऊन, चहा घेऊन, बराच वेळ पावसापाण्याचं बोलून शेवटी सांगितलं की मुलगा जागा मागतोय, पण मास्तर येऊन बसणार असतील तर येत्या दिवाळीपर्यंत तो विषय मी घरात काढू देत नाही. बाबांनी त्याच दिवसापासून दिवाळी धरून ठेवली. मी म्हटलं, रोज खुर्चीतून नेऊ, चौघांना विनवू. बाबा हसले. म्हणाले, "चार माणसं आयुष्यात एकदाच मागायची असतात, रोज नाही."

मी तेव्हा मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. दुसऱ्यांनी पेन्सिलीने काढलेल्या रेघा शाईने गिरवायच्या, हे माझं काम. आई जाऊन वर्षं झाली होती, आणि माझ्या लग्नाचा विषय आळीने एव्हाना सोडून दिला होता, याबद्दल मी आळीची ऋणी आहे. सकाळी बाबांचं सगळं आवरून मी त्यांच्या हाताशी पाणी, कागद, कात्री ठेवून जायची आणि संध्याकाळी धावत पाखाडी चढायची. रस्ता दारापर्यंत आला तर एक रिक्षा ठरवून त्यांना जाता येता सोडता येईल, हा विचार मला जिना चढताना, डबा खाताना, शाई वाळायची वाट बघताना सतत येत असे. दुसरं काही सुचतच नव्हतं म्हणा ना.

आणि तेव्हाच तो मुंबईचा आर्किटेक्ट आला. आळीच्या माथ्यावरचं एक कुलूपबंद घर त्याच्या आजोळचं. वर्षभर इथे राहून काहीतरी करायचं असं ठरवून तो आला होता, दाढी वाढवून. आळीत तशी कुलपं बरीच झाली होती. जो तो सड्याच्या पार पलीकडच्या अंगाला झालेल्या नव्या सोसायट्यांत जागा घेत होता, कारण तिथे दारात स्कूटर लागत होती. भाडेकरू आमच्याकडे येऊन, पाखाडी बघून, पाणी पिऊन परत जात. विहिरीचा कठडा ढासळलेला, गटार उघडं, रात्रीचा एक दिवा, तोही मर्जी असेल तर लागायचा. मुंबईहून आलेली नातवंडं दोन दिवसांत कंटाळायची. आळी मरायला टेकली होती हे आम्हालाही दिसत होतं. पण दिसलं म्हणून कुणी बोलायचं नसतं.

तो आर्किटेक्ट मात्र बोलायचा. त्याचं म्हणणं असं की आळी कशी हवी हे आळीनेच ठरवायचं, आराखडा तिनेच करायचा, मी फक्त सोबत राहीन. मला वाटलं, आला एक पुस्तकी पंडित. पण त्याने खरंच तसं केलं. चुन्याची फक्की बादलीत घेऊन तो दारोदार फिरला आणि ज्याच्या त्याच्या हाताने अंगणातून रेघ मारून घेतली, की तुम्ही वाटेसाठी इतकं आत सरकाल का? बायकांना विचारलं, हंडा कुठे टेकता, दम कुठे लागतो, सांजेला बसायला जागा असली तर कुठे असावी. आमच्या पडवीत काड्यापेट्यांची घरं मांडून त्याने सगळी आळी उभी केली, कारण बाबा खाटेवरून हलू शकत नव्हते आणि त्यांना यातून वगळायचं नाही असं त्याचं ठाम मत होतं. संध्याकाळी मी यायची तेव्हा पडवी भरलेली असायची. कुणी पेटी उचलून इकडची तिकडे करी, दुसरी येऊन ती परत ठेवी. बाबा वर्तमानपत्राचे तुकडे कापून पाखाडीच्या जागी अंथरत आणि म्हणत, "इथे काखेत कपडा कमी पडतोय." ते बहुतेक वेळा चुकीचंच असायचं. त्यांच्या कागदावर रिक्षा एकदा थेट विहिरीत गेली. सगळे पोट धरून हसले, बाबा सगळ्यांत जास्त.

मी तो आराखडा रात्रीचं जेवण आवरल्यावर ट्रेसिंग पेपरवर गिरवला. आयुष्यात पहिल्यांदा मी अशा रेघा ओढत होते ज्यांच्या दोन्ही बाजूंची माणसं मला माहीत होती. पायऱ्या काढून वाट उताराची करायची, कडेने झाकलेलं गटार, विहिरीला कट्टा, बसायला पार, दोन ठिकाणी दिवे. नगरपालिका सिमेंट आणि पाइप द्यायला तयार झाली. जागा आणि अंगमेहनत आळीची. यात एकच अवघड जागा होती, ती म्हणजे मधलं वळण. तिथे समोरासमोरच्या दोन घरांचे गडगे इतके जवळ आले होते की त्यांच्यामधून रिक्षा जाणं शक्य नव्हतं. गडगा म्हणजे दगडावर दगड रचलेलं कुंपण. चुना नाही, सिमेंट नाही. दोन गडी लावले तर सकाळभराचं काम. पण कोकणात माणूस एक वेळ घर विकेल, गडगा सरकवणार नाही. आमच्याकडे फणसाच्या खालोखाल हद्दीचे दावेच पिकतात.

वळणावरच्या एका घरात काकी राहायची. दीर तिघे मुंबईला, नवरा वारलेला, घर सगळ्यांचं सामाईक. समोरच्या घरात चाची. तिचा एकुलता एक मुलगा मस्कतला. या दोघी माझ्या आईच्या मैत्रिणी. आई गेल्यावर माझ्या डोक्याला तेल लावलं ते आळीपाळीने या दोघींनी. बाबा आजारी पडल्यापासून काकीकडून पेज आणि चाचीकडून माशाचं कालवण चुकलं असा दिवस आठवत नाही. म्हणून मला खात्री होती की काही अडलं तरी इथे अडणार नाही.

मुंबईवाल्यांशिवाय काही ठरत नाही, म्हणून बैठक शिमग्यात घेतली. पालखी घरोघर फिरून गेली, ढोल थांबले, आणि दुसऱ्या संध्याकाळी सगळी आळी आमच्या पडवीत नि अंगणात येऊन बसली. चाची तिच्या रीतीप्रमाणे दाराच्या आत, बायकांत बसली. काकीचे तिघांपैकी दोन दीर आले होते. तिसऱ्याला रजा मिळाली नव्हती. आर्किटेक्टने प्रत्येक घराचं नाव घेऊन विचारलं आणि प्रत्येक घराने हो म्हटलं. काकीच्या थोरल्या दिराने तर भाषण केलं. चाची आतून म्हणाली, "मास्तरांसाठी नाय म्हणेल तो माणूस काय?" मला रडू आलं. मी चहाचं निमित्त करून चुलीपाशी गेले.

परत आले तर कुठून सुरुवात करायची यावर बोलणं चाललं होतं. आर्किटेक्ट म्हणाला, वळणापासून. अवघड आधी संपवू. नुकत्याच होळीभोवती घसा बसेपर्यंत बोंबा मारलेली माणसं, आणि आता एकाच्याही तोंडून शब्द फुटेना. कुणी तंबाखू मळायला लागलं, कुणी छपराकडे बघायला लागलं. तेव्हा खाटेवरून बाबा बोलले.

"वळणापासून नको," ते म्हणाले. "त्या दोघींना वाटेल, सगळ्यांचा डोळा आपल्याच गडग्यावर होता. आधी वरून आणि खालून करत या. वळण शेवटी. तोवर त्यांच्याही मनाची तयारी होईल."

सगळ्या पडवीने सुटकेचा श्वास टाकला. "मास्तर बोलले ते बरोबर," "मान राखायला हवा," "घाई कशाला?" असं म्हणत लोक उठले. आर्किटेक्टने माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं. ज्याचा जीव त्या वळणात अडकला होता त्यानेच वळण शेवटी ठेवलं. मी नंतर त्यांना बोलले, चांगलंच बोलले. तर म्हणतात, "अगो, दोघी रोज जेवण पाठवतात. त्यांच्या दारात पहिली पहार मारायची?" या बोलण्याचा मला अजूनही राग येतो.

चैत्र आणि वैशाख हे दोन महिने मात्र आळीने असे काढले की सांगायची सोय नाही. कचेऱ्या सुटल्या की माणसं पहारी घेऊन उतरत. मे महिन्यात मुंबईची पोरंटोरं आली, तीही दगड वाहायला लागली. वरच्या पायऱ्या निघाल्या, खालच्या निघाल्या. वाटेला एकसारखा उतार मिळावा म्हणून वळणाच्या खालच्या अंगाला जमीन चांगली खोल खणावी लागली. वळण खाली घेतलं की ती त्याला मिळणार होती. विहिरीचा कट्टा झाला तेव्हा बायकांनी त्यावर आधी बसायचा मान म्हणून चाचीला बसवलं. काकी कळशीभर आमसुलाचं सरबत करून दोन्ही टोकांच्या माणसांना पाठवायची. बाबा खाटेवर पडून पहारीचे आवाज ऐकत आणि मला सांगत, आज अमुक घरापर्यंत आले. आवाजावरून ते बरोबर ओळखायचे की मला बरं वाटावं म्हणून मी हो म्हणायची, आठवत नाही. त्यांनी डाव्या हाताने एक सदरा कापला होता, नीट. ते दिवस सुखाचे होते, आणि आज मला त्यांचाच जास्त त्रास होतो.

मग दोन्ही बाजूंनी काम वळणाला येऊन टेकलं आणि थांबलं.

कुणी नाही म्हटलं नाही. हे मी पुन्हा सांगते, कारण बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. मी काकीकडे गेले. तिने माझ्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली.

"बाय गो, आमचं काय नाय म्हणणं हाय काय?" ती म्हणाली. "पण धाकटे भावजी बैठकीला नव्हते. आणि मी आधी काढला तर चाचीला वाटंल, बघा, माझ्यावर जबरदस्ती करायला हिनं काढला. तिचा पहिला दगड पडू दे. दुसऱ्या दिवशी आमचा गडगा गेलाच समज."

मी वाट ओलांडून समोर गेले. चाचीने मला जवळ बसवून पाठीवरून हात फिरवला.

"मना एकलीला कसा जमंल गो?" ती म्हणाली. "घरात मर्दमाणूस नाय. पोरगा आला का तो बघंल. आणि काकीच्या घरात तरी कुठे सगळ्यांचा विचार झालाय? मी काढला तर तिला उगाच घाई होईल."

"त्याला पत्र टाक ना, चाची."

"टाकते ना," ती म्हणाली.

असं किती वेळा झालं. काकीकडून चाचीकडे आणि चाचीकडून काकीकडे, हातात कधी वडी, कधी आंब्याची फोड. दोघी एकमेकींची काळजी करत होत्या, दोघी माझी करत होत्या, बाबांची तर करतच होत्या. भांडायला कुणी मिळेना. एकदा मी वळणावर उभी राहून मोठ्याने म्हटलं, अहो, मीच काढते दोन्हीकडचे चार दगड. तर दोन्ही दारांतून दोघी बाहेर आल्या आणि "पोर दमलीय गो, उन्हातनं आलीय" असं म्हणत मला हाताला धरून सावलीत नेऊन बसवलं. मी आर्किटेक्टवर चिडले. म्हटलं, तू तरी बोल त्यांना, तू परका आहेस, तुला चालेल. तो म्हणाला, लोकांनी ठरवायचं असेल तर आपण ढकलायचं नाही, नाहीतर हे सगळं खोटं ठरेल. मृगाच्या आधी त्याला मुंबईत नोकरी लागली आणि तो गेला. निघताना बाबांच्या पाया पडला. डोळे भरले होते त्याचे. रडायला काय जातं, असं मला तेव्हा वाटलं.

त्या पावसाळ्यात आळी जशी होती तशी देवाने कुणाला दाखवू नये. वरचा उतार गुळगुळीत, त्यावर शेवाळ धरलं. वळणापाशी जुन्या पायऱ्यांचा उंचवटा तसाच, आणि त्याच्या खाली नव्या खोदाईची कंबरभर उडी. लोकांनी तिथे सुटे दगड रचून ठेवले. धडधाकट माणसं त्यावरून हात धरून चढायची उतरायची, आणि त्याचीही सवय करून घेतली. सवय करून घेण्यात आमचा हात कुणी धरणार नाही.

श्रावणात बाबांना तपासणीसाठी न्यायचं होतं. तेच चौघे आले, तीच खुर्ची, तेच लुगडं. घरापासून थोडं खाली गेले नाहीत तो पुढच्याचा पाय उतारावरून सटकला. पायऱ्या असत्या तर तो सावरला असता. खुर्ची पुढे झुकली, बाबा लुगड्यात लोंबले, त्यांचा डावा हात कुणालातरी पकडायला हवेत फिरत होता. कसंबसं धरलं. मग चौघेजण इंच इंच करत वळणापर्यंत आले, ती उडी पाहिली, आणि खुर्ची पावसात खाली ठेवून तसेच उभे राहिले. काकी आणि चाची दोघी आपापल्या दारातून छत्र्या घेऊन धावल्या आणि दोघींनी दोन बाजूंनी बाबांच्या डोक्यावर धरल्या. माझ्या आयुष्यात मी इतकी कधी संतापले नाही. दोन गडगे, मध्ये माझा बाप, आणि त्याच्यावर दोन छत्र्या. तोंडातून शब्द फुटला नाही माझ्या. मीही याच आळीची.

बाबा म्हणाले, "चला रे परत. डॉक्टरांनाच वर बोलवू." आणि दोघींना म्हणाले, "भिजाल तुम्ही, आत जा."

पूर्वी चार माणसं मागितली असती तर ते खाली जाऊ तरी शकत होते. आता तेही गेलं. आळीने त्यांच्यासाठी रस्ता केला आणि होता तो काढून घेतला. हे मी त्यांना म्हटलं नाही, त्यांनी मला म्हटलं नाही. कागद कापणं मात्र त्यांनी त्या आठवड्यात बंद केलं. कात्री मी उचलून फडताळात ठेवली, तरी त्यांनी विचारलं नाही.

दिवाळीला मालक आला. दिलेला शब्द त्याने पाळला होता, एक दिवस आधी आला नाही. उडीवरून चढताना गुडघा फुटला होता त्याचा. तो काही बोलायच्या आधीच बाबा म्हणाले, "तुम्ही फार थांबलात. घ्या जागा." मशीन, टेबल, कपाट आळीतल्याच लोकांनी डोक्यावरून वर आणलं, मोठ्या हौसेने. वळणावर दिवाळीला आलेल्या काकीच्या दिराने मशीनला खालून हात दिला. ते सगळं पडवीत मांडून झाल्यावर एकजण म्हणाला, "बघा मास्तर, दुकानच घरी आलं." बाबा म्हणाले, "हो की." संध्याकाळी मला म्हणाले, मशीनवर चादर टाक. पुढे कित्येक महिने ते बोलायचे, जेवायचे, विनोद करायचे, पण काही मागायचे नाहीत. मी विचारायची, काही हवंय का बाबा? काही नको गो. मला ते 'काही नको' ऐकवत नसे. त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात चाचीचा मुलगा मस्कतहून आला. टेपरेकॉर्डर, अत्तर, सगळ्या आळीला खजूर. येताना उडीवर बॅगा खाली ठेवून त्याने विचारलं, हे काय आहे? लोकांनी सांगितलं. तो रात्री आमच्याकडे आला आणि बाबांच्या खाटेजवळ खाली जमिनीवर बसला.

"मास्तर, मना कोणी कळवलाच नाय," तो म्हणाला. "आई लिवते, सगला ठीक हाय, आंबा चांगला आलाय. एक ओळ लिवली असती तर मी उलट टपाली कळवला असता, काढा म्हणून."

चाची नंतर मला म्हणाली, परमुलखात त्याच्या डोक्याला ताप कशाला द्यायचा? आणि मला तिचं पटलंही, हीच तर पंचाईत.

सकाळी त्याने स्वतः पहार घेतली. दुपारच्या जेवणाआधी चाचीचा गडगा मागे सरकला होता. दुसऱ्या दिवशी काकीचा. धाकट्या दिराला विचारायचं कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. तो आला तेव्हा म्हणाला, "छान केलंत, मी कुठे नाही म्हणत होतो?" उंचवटा फोडला, मधला तुकडा मिळवला, गटार जोडलं. आठवडाभरात सगळं झालं. आता कुणाची दिवाळी नव्हती, कुणाचं दुकान नव्हतं, कुणाला कुणाकडे काही मागायचं नव्हतं, म्हणून सोपं गेलं असावं.

आणि मग सगळ्यांनी ठरवलं की पहिली रिक्षा मास्तरांची. मला विचारलं, मी म्हटलं बाबांना विचारा. बाबा म्हणाले, "एवढं केलंय लोकांनी, नाही कसं म्हणायचं?" रिक्षाला झेंडूच्या माळा घातल्या. वळणावर नारळ फोडला. चाचीच्या मुलाने बाबांना लहान मुलासारखं उचलून आत बसवलं, मी त्यांना धरून शेजारी बसले. सगळी आळी दुतर्फा उभी, टाळ्या वाजवतेय. काकी पदराने डोळे पुसत होती. विहिरीचा कट्टा, पार, दिवे, सगळं बाबांनी पहिल्यांदा पाहिलं. काड्यापेट्यांत होतं तसंच होतं अगदी. रिक्षा वळली सुद्धा सहज.

रिक्षावाल्याला कुणीतरी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे तो विचारल्याशिवाय बाजारपेठेत बाबांच्या दुकानापुढे जाऊन थांबला. चांगल्या मनानेच थांबला. फळ्या जाऊन तिथे काच लागली होती. आत व्हिडिओ कॅसेटी मांडलेल्या, दारावर नट्यांची चित्रं. बाबांचं टेबल होतं त्या जागी रंगीत टीव्ही चालू होता. काउंटरवरच्या माणसाने गिऱ्हाईक आलं असं समजून विचारलं, "कुठली हवीय?" बाबांनी मान हलवली. म्हणाले, "काही नको. सहज आलो." त्यांचा डावा हात माझ्या मनगटावर होता. तो इतका घट्ट झाला की पुढे दोन दिवस तिथे वळ होता.

परत आलो तेव्हा लोक अंगणात थांबलेच होते. "काय मास्तर, कसं वाटलं?" बाबांनी डावा हात छातीवर ठेवला. "फार उपकार झाले तुमचे," ते म्हणाले. "झकास काम झालंय. असा रस्ता रत्नागिरीत नाही." लोकांचे चेहरे उजळले. पेढे वाटले. सगळे गेल्यावर मी त्यांना खाटेवर आडवं केलं, उशी सारखी केली. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"मला पुन्हा खाली न्यायचं नाही," ते म्हणाले. "आणि हे त्यांना कळू द्यायचं नाही. वाईट वाटेल त्यांना."

त्यानंतर बाबा बरीच वर्षं होते. दर काही दिवसांनी कुणीतरी रिक्षा दारात आणून म्हणायचं, चला मास्तर, जरा मांडवीला समुद्र दाखवून आणतो. मी दारात जाऊन सांगायची, आज अंग गरम आहे, आज झोप लागलीय, आज पाहुणे यायचेत. माणसं समजून घ्यायची आणि पुन्हा यायची. कुलूपबंद घरं उघडली, भाडेकरू आले, दारादारांत स्कूटरी लागल्या. आळी जगली, यात शंका नाही. परगावचे लोक बघायला येतात तेव्हा आमची माणसं त्यांना वळणावर उभं करून सांगतात, हा रस्ता आम्ही मास्तरांसाठी केला. मग ते माझ्याकडे बघतात. मी हो म्हणते.